जुनी मिल, पन्नास रुपयांची मागणी आणि विश्वस्ताचे दायित्व

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहावा, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली तेव्हा मंदिराचा अथवा समाजाचा इतिहास लिहावा, हा विचार प्रथम मनात आला. परंतु त्या विषयावर लिहिणारे माझ्याहून अधिकारी लेखक या अंकात आहेत. मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून माझ्या मर्यादेत बसणारा, सोलापूरचाच, पण सोलापूरकरांना फारसा ठाऊक नसलेला एक विषय निवडला आहे. दुसऱ्याचा पैसा जो सांभाळतो त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी आरंभीच्या वर्षांत गेला, तो आपल्या गावच्या एका गिरणीमुळे. ट्रस्टचा कारभार हाही दुसऱ्याच्या पैशाचाच कारभार असल्यामुळे हा विषय या स्मरणिकेत अस्थानी ठरू नये.

बी.कॉम.च्या वर्गात कंपनी कायदा शिकताना पुस्तकात एका प्रकरणाखाली ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ हे नाव वाचले आणि मी चमकलो. ही तर आपली जुनी मिल! आमच्या लहानपणी सोलापूरची घड्याळे गिरण्यांच्या भोंग्यावर लावली जात. भोंगा झाला की आई चूल पेटवी आणि वडील दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघत. जुनी मिल तोपर्यंत बंद पडली होती. ऐकू येई तो लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंगगिरजी या गिरण्यांचा भोंगा. परंतु जुनी मिल चाळ, जुनी मिल कंपाउंड ही नावे प्रत्येकाच्या तोंडी होती. त्या बंद दरवाजामागे देशाच्या राज्यघटनेला दुरुस्ती करावयास लावणारा वाद दडला आहे, हे मला पाठ्यपुस्तकाने सांगितले. गावात कोणी सांगितले नव्हते.

ही गिरणी मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी शेठ मोरारजी गोकुळदास यांनी उभारली आणि १८७७ साली ती सुरू झाली. रेल्वे त्यापूर्वीच सोलापुरात आली होती, भोवताली कापूस पिकत होता आणि हातमागावर बसणारे कुशल विणकर पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत होते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाचे ते दिवस होते. हाताला काम मिळणे म्हणजे जीव वाचणे होते. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या आल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले. मोरारजी शेठ १८८० मध्ये वारले. त्यांचे सुपुत्र नरोत्तम मोरारजी यांचे नाव आपल्या समाजाला दुसऱ्या एका कारणाने परिचित असावयास हवे. सोलापूरचे दानशूर शेठ हिराचंद नेमचंद, ज्यांनी १८८४ मध्ये ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले, त्यांच्या घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांचे प्रमुख सहकारी हे नरोत्तम मोरारजीच होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सोलापुरात गिरणी काढणाऱ्याचा मुलगा आणि सोलापुरात जन्मलेला जैन तरुण यांनी मिळून इंग्रजांच्या जहाज कंपन्यांशी टक्कर दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

सिंधियाचा कारभार ‘नरोत्तम मोरारजी आणि कंपनी’ ही पेढी मॅनेजिंग एजंट या नात्याने पाहत असे. ही मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढील कथा समजणार नाही. म्हणून थोडे विषयांतर करतो.

आपल्या व्यापारी मंडळींना भागीदारी चांगली ठाऊक आहे. चार जण मिळून दुकान काढतात. नुकसान झाले तर घरातील भांडीकुंडीही विकून कर्ज फेडावे लागते, म्हणून प्रत्येक भागीदार डोळ्यांत तेल घालून वही पाहतो. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत तसे नसते. भागधारकाने भागाची किंमत भरली की त्याची जबाबदारी संपली. कंपनी बुडाली तरी त्याच्या घराला हात लागत नाही. हिंदुस्थानात ही सवलत १८५७ च्या कायद्याने मिळाली आणि तिच्यामुळेच हजारो अनोळखी माणसांचा थोडा थोडा पैसा एकत्र येऊन गिरण्या, आगगाड्या आणि जहाजे उभी राहिली. परंतु ज्याची जोखीम थोडी, त्याचे लक्षही थोडे. सोलापूरच्या कंपनीचे एक-दोन भाग असलेला गृहस्थ वार्षिक सभेसाठी प्रवासखर्च करून कशाला जाईल? त्याच्या दक्षतेचा लाभ सर्वांना वाटला जाणार आणि खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या खिशातून होणार. म्हणून तो जात नाही. दुसराही जात नाही. आणि सभेत एजंटांची माणसे तेवढी उरतात.

मॅनेजिंग एजंट हे कंपनीचे खरे धनी. तेच कंपनीची कल्पना मांडीत, पहिले भाग घेत, ठेवी मिळवून देत, बँकेपुढे हमी देत, कापूस खरेदी करीत आणि माल विकीत. भांडवल बाजार नावाची वस्तू नसलेल्या देशात ही पद्धत नसती तर गिरण्या निघाल्याच नसत्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. दोष होता तो मोबदल्याच्या रीतीत. आरंभीच्या काळात मुंबईच्या अनेक गिरण्यांत एजंटाला तयार होणाऱ्या सुतावर दर रतलामागे पाव आणा कमिशन असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की कमिशन पक्के. आपल्याकडील आडतीचा व्यवहार आठवावा. शेतकऱ्याचा माल चढ्या भावाने गेला काय किंवा पडत्या भावाने गेला काय, आडत्याची आडत चुकत नाही. तेजीत हे खपून जाते. मंदीत मात्र माल साठत असताना एजंट गिरणी चालवीतच राहतो, कारण त्याची पोळी त्या चाकावरच भाजते. पुढे नफ्यावर टक्केवारी देण्याची पद्धत रूढ झाली. १९३६ च्या दुरुस्तीने नव्या करारांत मोबदला निव्वळ नफ्याशी जोडण्यात आला आणि एजन्सीची मुदत वीस वर्षांवर मर्यादित करण्यात आली. परंतु नफा अपुरा पडला तर किमान रक्कम देण्याची वाट मोकळी राहिली. कायद्याची भिंत उभी राहिली की तिला खिडकी ठेवण्याची व्यवस्थाही आपल्याकडे त्याच दिवशी होत असते.

आता १९४९ सालाकडे येऊ. तो काळ कापडाच्या दृष्टीने विलक्षण होता. युद्धकाळात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण होते. ताग्यावर किंमत छापून येई. १९४८ मध्ये नियंत्रण उठविले गेले, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लादावे लागले. फाळणीमुळे उत्तम कापसाचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला होता. कच्च्या मालाची ओढ, ठरवून दिलेले भाव आणि वाढलेला खर्च अशा कात्रीत देशातील अनेक गिरण्या सापडल्या होत्या. अशा वेळी, २७ जुलै १९४९ रोजी, जुन्या मिलच्या संचालकांनी गिरणी बंद करण्याची सूचना लावली आणि २७ ऑगस्टला ती खरोखरच बंद झाली. गिरणी बंद म्हणजे केवळ कामगार बेकार असे सोलापुरात होत नाही. किराणा दुकानदाराची उधारी थकते, चाळीचे भाडे थकते, आमच्यासारख्या कापड दुकानदाराचे दिवाळीचे गिऱ्हाईक नाहीसे होते. १९४९ ची ती दिवाळी कशी गेली हे मी पाहिलेले नाही. पण नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडल्यावरची दिवाळी मी गल्ल्यावर बसून पाहिली आहे आणि तीवरून कल्पना करू शकतो.

सरकारने प्रथम सौम्य उपाय केला. ५ ऑक्टोबर १९४९ रोजी जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली गिरणीवर नियंत्रक नेमला गेला. नियंत्रकाने पाहणी करून ठरविले की गिरणी चालवायची तर पैसा हवा. तो कोठून आणायचा? कंपनीचे वसूल भांडवल ३२ लाख रुपये होते. त्यातील १६ लाख साधारण भागांचे, पूर्ण भरलेले. उरलेले १६ लाख ३२,००० अग्रहक्काच्या भागांचे; हे भाग शंभर रुपयांचे, परंतु त्यांवर पन्नासच रुपये भरलेले होते. म्हणजे प्रत्येक अग्रहक्क भागधारकाकडे पन्नास रुपये बाकी होते आणि ते मागितले तर आणखी १६ लाख उभे राहत होते. ९ नोव्हेंबर रोजी नियंत्रकाने संचालकांना ही मागणी काढण्यास सांगितले. संचालकांनी नकार दिला. हे कंपनीच्या आणि भागधारकांच्या हिताचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. संचालकांचा नकार हा भागधारकांविषयीच्या कळवळ्याने होता, की आपल्या हातून कारभार जात असल्याच्या रागाने, याचा निवाडा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर करणे अवघड आहे. परंतु त्यांचे म्हणणे निखालस चुकीचे होते असेही म्हणवत नाही. बुडत्या गिरणीत नवा पैसा घालणे हे शहाणपणाचे असेलच असे नाही. दुसरीकडे, कामगारांच्या चुली विझलेल्या असताना देय असलेली बाकी मागण्यासही नकार देणे, हेही सद्भावाचे लक्षण नव्हे.

९ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या घोषणेला जेमतेम सतरा दिवस उरले असताना, गव्हर्नर जनरलांनी वटहुकूम काढला. देशात हजारो कंपन्या असताना हा वटहुकूम एका, आणि केवळ एकाच कंपनीसाठी होता. त्याचे नावच मुळी शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या आणीबाणीच्या तरतुदींचा वटहुकूम असे होते. गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळे आवश्यक वस्तूचे उत्पादन घटले आणि मोठी बेकारी निर्माण झाली, असे कारण त्याच्या प्रस्तावनेत दिले होते. मॅनेजिंग एजंट आणि जुने संचालक दूर झाले. सरकारने नेमलेले संचालक आले. भागधारकांना आपले संचालक निवडता येईनात, त्यांचा ठराव सरकारच्या संमतीवाचून अमलात येईना आणि कंपनी गुंडाळण्याचा अर्ज न्यायालयात करण्यासही सरकारची परवानगी आवश्यक झाली. एप्रिल १९५० मध्ये संसदेने या वटहुकमाचे कायद्यात रूपांतर केले. तो त्या वर्षीचा अठ्ठाविसावा केंद्रीय कायदा होय.

सरकारी संचालकांनी पहिल्या महिन्यातच, ७ फेब्रुवारी १९५० रोजी, तो वादग्रस्त ठराव केला. प्रत्येक अग्रहक्क भागावर पन्नास रुपये भरावेत.

या पन्नास रुपयांतच सारा प्रश्न सामावलेला आहे असे मला वाटते. भागधारकाला सांगण्यात येत होते की कारभार तुझ्या माणसांकडून काढून घेतला आहे, नव्या माणसांना निवडण्याचा वा काढण्याचा तुला अधिकार नाही, परंतु पैसे मात्र तूच भर. गैरव्यवस्था केली एजंटांनी; बेकारीची झळ सोसली कामगारांनी; आणि दुरुस्तीचे बिल पाठविले गेले ते, बहुतांशी या दोन्हींशी संबंध नसलेल्या, व्याजासारखा ठराविक लाभांश मिळेल या आशेने अग्रहक्काचे भाग घेतलेल्या माणसाकडे.

दोन भागधारक न्यायालयात गेले. पहिले चरणजितलाल चौधरी. त्यांच्या नावावर अवघे तीन साधारण भाग होते आणि ऐंशी अग्रहक्काचे भाग बँकेकडे तारण होते. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने अर्ज फेटाळला. बहुमताचे म्हणणे असे की भागधारकाची मालमत्ता म्हणजे त्याचा भाग. तो त्याच्याकडेच आहे, तो विकता येतो, लाभांश मिळाल्यास घेता येतो. मतदानाचा अधिकार हा भागाला चिकटलेला आनुषंगिक हक्क आहे. तो काही काळ थांबविला म्हणजे मालमत्ता घेतली असे होत नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती, भागधारक वेगळा. एका कंपनीसाठी वेगळा कायदा केल्याने समानतेचा भंग होतो काय, यावर मात्र मतभेद झाला. न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास यांनी भंग होतो असे मत नोंदविले. देशात दुसरी एकही कंपनी अशा रीतीने वागत नव्हती काय, मग हिलाच का निवडले, अशा आशयाचा तो प्रश्न होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

दुसरे द्वारकादास श्रीनिवास. हे अग्रहक्काच्या भागांचे धारक; मागणी त्यांच्याच दाराशी आली होती. त्यांनी मार्च १९५० मध्ये स्वतःसाठी आणि इतर अग्रहक्क भागधारकांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. तेथे दोन्ही पायऱ्यांवर ते हरले. मग सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी ते जिंकले. या वेळी न्यायालयाने शब्दांपेक्षा वस्तुस्थिती पाहिली. कंपनीची मालकी कागदावर तशीच ठेवून ताबा, कारभार, निर्णय आणि पैसा हे सर्व शासनाने उचलले असेल तर भागधारकाच्या हाती टरफल उरते. आणि दाणा घेऊन टरफल ठेवणे म्हणजे मालमत्ता घेणेच होय, मग त्याची भरपाई द्यावयास हवी. भरपाईची तरतूद कायद्यात नव्हती; म्हणून वटहुकूम आणि कायदा दोन्ही घटनाबाह्य ठरले. पन्नास रुपयांची मागणीही त्यांच्याबरोबर रद्द झाली.

सरकारनेही हार मानली नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अशी तजवीज केली की लोकहितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी एखाद्या मालमत्तेचा कारभार मर्यादित काळापुरता शासनाने घेतला, अथवा संचालक, मॅनेजिंग एजंट व भागधारकांचे मतदानाचे हक्क यांत फेरफार केला, तर तेवढ्याने कायदा रद्द होणार नाही. मर्यादित काळ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच वगळला गेला. आपल्या गावच्या गिरणीचे पडसाद असे घटनेच्या पानांवर उमटले आहेत.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा, कमी गाजलेला परिणाम. एका कंपनीसाठी एक कायदा करून भागत नाही, हे शहाणपण त्या काळात सर्वांनाच आले. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यात १९५३ मध्ये कोणत्याही गैरव्यवस्थित उद्योगाचा कारभार चौकशीनंतर हाती घेण्याची सर्वसाधारण तरतूद झाली. १९५० मध्येच भाभा समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९५६ चा ६५८ कलमांचा कंपनी कायदा झाला आणि १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. अल्पसंख्य भागधारकांवरील जुलूम आणि गैरव्यवस्था यांविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग त्यात मिळाला. संचालक व एजंट यांच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या अकरा टक्क्यांची मर्यादा आली. एका एजंटाने दहाहून अधिक कंपन्या सांभाळू नयेत असे ठरले. अखेर ३ एप्रिल १९७० रोजी मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच कायद्याने संपुष्टात आली. शंभर वर्षांची ही संस्था गेली तेव्हा कोणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. तिच्या जागी आलेले व्यवस्थापकीय संचालक पुष्कळदा त्याच घराण्यांतले होते, ही गोष्ट वेगळी.

नियमन हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे, हेही कापड धंद्यानेच दाखविले आहे. आजारी गिरण्या शासनाने घ्याव्यात हा विचार इतका फोफावला की १९७४ मध्ये १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. येथील नरसिंगगिरजी मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे होती. एजंटाला निदान कमिशनची हाव असे. महामंडळाच्या अधिकाऱ्याला गिरणी चालली काय, बंद पडली काय, पगार तोच. पाव आण्याच्या कमिशनचा दोष नाव बदलून परत आला. जुनी मिल साठच्या दशकात कायमची बंद झाली होती. पुढे बाकीच्याही एकामागून एक गेल्या. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांनी गावाला तारले ते लहान कारखान्यांच्या बळावर. तेथे मालक स्वतः मागापाशी उभा असतो.

तुलनेसाठी अलीकडचे एक उदाहरण देतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली. फुगविलेला आकडा सात हजार कोटींच्या वर होता. शासनाने तातडीने जुने संचालक मंडळ बरखास्त करून नामवंतांचे नवे मंडळ नेमले. नव्या मंडळाने खुल्या बोलीने एप्रिलमध्ये खरेदीदार निवडला. जेमतेम शंभर दिवस लागले, कंपनी चालू राहिली आणि हजारो नोकऱ्या वाचल्या. यासाठी वटहुकूम लागला नाही, कारण १९५६ च्या कायद्यातील सर्वसाधारण तरतूद हाताशी होती. भागधारकांचे नुकसान झालेच. पण कारभार काढून घेऊन त्यांच्याकडे आणखी पैसे मागण्यात आले नाहीत. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षकांची ठराविक मुदतीने बदली, भागधारकांचा सामुदायिक दावा हे जे आले, त्यामागे सत्यमचा धडा आहे. सत्यममध्येही स्वतंत्र संचालक होते आणि तेही मोठे विद्वान होते, हे मात्र विसरू नये. खुर्चीत बसलेला माणूस प्रश्न विचारीत नसेल तर तो स्वतंत्र असून उपयोग काय?

हे मी दुसऱ्यावर बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचा संचालक होतो. नाव सांगत नाही. बैठकीला पंचवीस-तीस विषय असत, चहा येई, अध्यक्ष ज्येष्ठ आणि वजनदार होते. त्यांनी वाचले की आम्ही मंजूर म्हणत असू. वाणिज्य पदवीधर असूनही मी थकबाकीची यादी कधी मागितली नाही. मागणे अविश्वासाचे दिसेल, असे वाटे. कर्जे कोणाच्या नातलगांना गेली हे कळले तेव्हा ठेवीदार दारात उभे होते. पुढे एकदा दर्शन करून बाहेर पडताना आपल्याच समाजातील एका वृद्ध मावशींनी मला थांबवून विचारले, “अरे, तू तिथे होतास ना रे?” त्यांची ठेव तिथे अडकली होती, ती मलाच विचारून ठेवलेली होती. मी होतो, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते. त्यांचे पैसे बऱ्याच विलंबाने आणि अपुरे मिळाले. चरणजितलालांच्या तीन भागांचे प्रकरण पाठ असलेला माणूस स्वतः संचालक झाल्यावर असा वागला, याची मला आजही लाज वाटते.

आता आपल्या ट्रस्टशी असलेला संबंध. जुन्या मिलचा कायदा १९५० चा केंद्रीय अठ्ठाविसावा. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने केलेला एकोणतिसावा कायदा म्हणजे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो आणि आपला ट्रस्ट त्याखालीच नोंदलेला आहे. क्रमांकांची जुळणी हा योगायोग; विचार मात्र एकच होता. या कायद्यालाही आव्हान मिळाले आणि ते दिले एका जैन मंदिराच्या वहिवाटदारांनी, रतिलाल पानाचंद गांधी यांनी. देवाच्या द्रव्यात शासनाने हात घालू नये, हे त्यांचे म्हणणे. १८ मार्च १९५४ रोजी, म्हणजे द्वारकादासांच्या निकालानंतर बरोबर तीन महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण आणि अंशदान हे सर्व वैध ठरले. ते धर्मात हस्तक्षेप नाहीत, कारण मालमत्तेचा हिशेब हा ऐहिक व्यवहार आहे. परंतु धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची, आणि धर्मासाठी दिलेले द्रव्य शासनाला वा न्यायालयाला योग्य वाटेल त्या अन्य कामाकडे वळविण्याची तरतूद मात्र रद्द झाली. हिशेब विचारा, पण गादीवर बसू नका. सोलापूरच्या गिरणीच्या बाबतीत जी रेषा सापडायला चार वर्षे लागली, ती येथे एका निकालात आखली गेली असे मला वाटते.

याच कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाविषयी काही सभासद अधूनमधून नाराजी व्यक्त करतात. ट्रस्टची शिल्लक अनुसूचित बँक, पोस्ट किंवा सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवावी लागते. अधिक व्याज देणाऱ्या ठिकाणी परवानगीशिवाय ठेवता येत नाही. पूर्वी मंदिराची शिल्लक गावातील एखाद्या शेठजींच्या पेढीवर व्याजाने ठेवण्याचा प्रघात होता आणि बहुधा ते शेठजी स्वतःच विश्वस्त असत. पेढी चालली तोवर सर्व गोड. माझा पतसंस्थेचा अनुभव लक्षात घेता मी या कलमाच्या बाजूने आहे, व्याज थोडे कमी मिळाले तरी चालेल. शिवाय आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान म्हणजे खोटे वजनमाप जसे सांगितले आहे, तसाच विरुद्धराज्यातिक्रम हाही सांगितला आहे. राज्याच्या न्याय्य नियमाला बगल देणे हा चोरीचाच एक प्रकार त्यांनी मानला. हे कोणत्याही कंपनी कायद्याच्या कितीतरी शतके आधीचे आहे.

गेल्या काही वर्षांपासून ट्रस्टचा वार्षिक हिशेब सभेपूर्वी पंधरा दिवस कार्यालयातील फलकावर लावला जातो. आरंभी एका ज्येष्ठ विश्वस्तांना ते रुचले नव्हते, “आमच्यावर विश्वास नाही का?” असे त्यांनी मला विचारले होते. मागील वर्षी फलक वाचून तीन लेखी प्रश्न आले. त्यातील एक शिखराच्या रंगकामासाठी दुसरे दरपत्रक का मागविले नाही, असा होता. दरपत्रक खरोखरच मागविले गेले नव्हते. ते नंतर मागविले आणि काम दुसऱ्या कारागिराला दिले. तो प्रश्न विचारणारे सभासद हे तेच ज्येष्ठ विश्वस्त होते. तोवर ते निवृत्त झाले होते.